कौटुंबिक दस्तऐवज : ऑनलाइन विधिसेवा की वकिलाचा सल्ला?
(पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात)

प्रस्तावना :
पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात कुटुंबांचे दोन ठळक वर्ग आढळतात. पहिला, नोकरीनिमित्त बाहेरून येऊन येथे स्थिरावलेला कामगारवर्ग. दुसरा, उद्योग व गृहप्रकल्पांमुळे ज्याच्या जमिनींना मोल आले असा मूळचा शेतकरीवर्ग. भाडेकरार, मृत्युपत्र, हक्कसोडपत्र यांची गरज दोघांनाही पडते. हे दस्तऐवज ऑनलाइन सेवेतून करावेत की वकिलाकडून, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऑनलाइन सेवेची उपयुक्तता :
महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-नोंदणी सुविधेमुळे आधार पडताळणी, अंगठ्याचा ठसा व छायाचित्र यांच्या साहाय्याने 'लिव्ह अँड लायसन्स' करार दुय्यम निबंधक कार्यालयात न जाता नोंदविता येतो. येथे मजकूर बहुतांशी ठरलेला असतो. केवळ तपशील भरावयाचा असतो. पाळीत काम करणाऱ्या कामगाराचा यामुळे रजेचा दिवस वाचतो.

ऑनलाइन सेवेच्या मर्यादा :
मृत्युपत्राची स्थिती वेगळी आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मृत्युपत्रास लागू होत नाही. हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्रासाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार करणाऱ्याची सही व किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन आवश्यक असते. नोंदणी ऐच्छिक असते. म्हणजे संकेतस्थळावरून मसुदा मिळाला, तरी दस्तऐवज पूर्ण होतो तो कागदावरच.

हक्कसोडपत्राचा प्रश्न याहून गंभीर आहे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे त्यासाठी आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. स्थावर मिळकतीवरील हक्कसोडपत्राची नोंदणी अनिवार्य आहे, आणि एकदा नोंदविलेले हक्कसोडपत्र रद्द करून घेणे अवघड असते. जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, तिचा काही भाग संपादित झाला आहे काय, मोबदला येणे आहे काय, हे प्रश्न तयार नमुना विचारत नाही. ते न विचारता बहिणीची सही झाली, तर तिला आपण नेमके काय सोडले हेच कळत नाही.

वकिलाची निवड :
वकील नेमला म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. भावाने नेमलेला वकील हा भावाचा सल्लागार असतो; बहिणीला स्वतंत्र सल्ला मिळणे न्यायाचे ठरते. खर्चाची अडचण असल्यास विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ कडे लक्ष वेधावेसे वाटते. त्यानुसार महिला व औद्योगिक कामगार हे दोन्ही घटक मोफत विधी सेवेस पात्र आहेत. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. १५१०० हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांकही उपलब्ध आहे.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, निवडीचा निकष केवळ खर्च हा नसून दस्तऐवजाचे स्वरूप हा असावा. ज्या दस्तऐवजात ठरलेला तपशील भरावयाचा आहे, तेथे ऑनलाइन सेवा पुरेशी आहे. ज्याने कोणाचा हक्क कायमचा निर्माण होतो वा संपुष्टात येतो, तेथे सहीपूर्वी स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेणे हिताचे आहे.