युरियाच्या गोणीतील कर्ब : हिशेब कारखान्याचा आणि शेताचा



पेरणी आटोपून पिके वर आली, की कृषी सेवा केंद्रापुढे युरियासाठी रांग लागते. ४५ किलोची गोणी आपणांस सुमारे २६६ रुपयांत मिळते. प्रत्यक्ष उत्पादन खर्च याच्या कितीतरी पट असून उरलेला भार शासन अनुदानाच्या रूपाने उचलते. मात्र या गोणीची आणखी एक किंमत आहे, जी गोणीवर छापलेली नसते. ती म्हणजे खत तयार करताना व वापरताना हवेत जाणारे वायू. या वायूंमुळे पृथ्वीचे तापमान वाढते व पावसाचे वेळापत्रक बिघडते. त्याचा पहिला फटका शेतीलाच बसतो. म्हणून खत कारखान्यांचा धूर हा शेतकऱ्याच्याही हिताचा प्रश्न आहे.

युरिया कसा तयार होतो?

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे, पण तो पिकांना थेट घेता येत नाही. हवेतील नत्र व हायड्रोजन यांचा उच्च दाबाखाली संयोग करून अमोनिया बनविण्याची पद्धत जर्मनीत हाबर व बॉश यांनी विकसित केली. या पद्धतीचा पहिला मोठा कारखाना १९१३ मध्ये सुरू झाला. आजही जगभर हीच पद्धत वापरली जाते.

यासाठी लागणारा हायड्रोजन आपल्या देशात प्रामुख्याने नैसर्गिक वायूपासून काढतात. रायगड जिल्ह्यातील थळ येथील कारखाना १९८५ पासून युरिया बनवीत असून तो मुंबई हायच्या वायूवर उभारण्यात आला. नैसर्गिक वायूतून हायड्रोजन वेगळा काढताना कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, तयार होतो. शिवाय भट्टी तापविण्यासाठी वायू जाळावा लागतो, त्याचा धूर वेगळाच. वायूपासून १ टन अमोनिया बनविताना सुमारे १.८ टन कर्बवायू निर्माण होतो.

एका गोणीचा हिशेब

४५ किलो युरियासाठी सुमारे २५.५ किलो अमोनिया लागतो. तो तयार होताना सुमारे ४६ किलो कर्बवायू निर्माण होतो. यांपैकी ३३ किलो वायू युरिया बनविण्यासाठी वापरला जातो व गोणीतून आपल्या शेतात येतो. जमिनीतील युरिएज विकराच्या क्रियेने युरियाचे विघटन झाले, की तोच ३३ किलो वायू मोकळा होतो. म्हणजे कारखान्याने तो अडविला असे दिसले, तरी तो थोड्या दिवसांपुरताच अडतो.

यापुढील बाब अधिक महत्त्वाची आहे. एका गोणीत २०.७ किलो नत्र असते. पिकाने न घेतलेल्या नत्राचा काही भाग अमोनियाच्या रूपाने उडून जातो, काही पाण्याबरोबर झिरपतो, तर थोडा भाग नायट्रस ऑक्साइड वायू बनून हवेत जातो. हा वायू उष्णता धरून ठेवण्यात कर्बवायूच्या सुमारे २७३ पट प्रभावी आहे. दिलेल्या नत्रापैकी १ टक्का नत्र या रूपात जाते असे आंतरराष्ट्रीय हिशेबात धरतात. त्यानुसार एका गोणीमागे सुमारे ३२५ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड तयार होतो. त्याचा परिणाम सुमारे ८९ किलो कर्बवायूइतका होतो. जमीन व पाणी यांनुसार हा आकडा कमी-जास्त होईल, परंतु कारखान्यापेक्षा शेतातील भार मोठा असू शकतो हे यावरून ध्यानात येते.

कारखान्यांना काय करता येते?

१) ऊर्जेची बचत : जुनी यंत्रे बदलणे, वाया जाणारी उष्णता वाफेसाठी वापरणे व स्वच्छ इंधन वापरणे हा सर्वांत स्वस्त मार्ग होय. पानिपत, भटिंडा व नांगल येथील कारखाने पूर्वी इंधन तेलावर चालत. २०१२-१३ च्या सुमारास ते नैसर्गिक वायूवर आणले गेले.

२) धुरातील वायू परत मिळविणे : उत्तर प्रदेशातील आंवला व फूलपूर येथील कारखान्यांत २००६ पासून भट्टीच्या धुरातून कर्बवायू वेगळा काढून तो युरियासाठी वापरला जातो. यामुळे अधिक युरिया बनतो. मात्र वर सांगितल्याप्रमाणे तो वायू शेवटी शेतातून हवेत जातोच, याचा विसर पडू नये.

३) नायट्रिक आम्लावरील उपाय : नायट्रोफॉस्फेटसारख्या संयुक्त खतांसाठी नायट्रिक आम्ल लागते. ते तयार होताना नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. योग्य उत्प्रेरक बसविल्यास त्याचा बहुतांश भाग कारखान्यातच नष्ट करता येतो. थोड्या खर्चात मोठा लाभ देणारा हा उपाय आहे.

४) हरित हायड्रोजन : सौर किंवा पवन विजेने पाण्याचे विघटन करून मिळविलेल्या हायड्रोजनपासून अमोनिया बनविल्यास कर्बवायू जवळजवळ निघत नाही. ही कल्पना नवी नाही. १९६१ मध्ये सुरू झालेल्या नांगलच्या कारखान्यात भाक्रा धरणाच्या विजेवर याच पद्धतीने हायड्रोजन काढला जात असे. केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले असून २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट ठेवले आहे.

येथे एक अडचण आहे. युरियासाठी कर्बवायू लागतोच आणि हरित अमोनियाबरोबर तो मिळत नाही. त्यामुळे हा अमोनिया प्रथम डीएपी व संयुक्त खतांसाठी वापरणे सोयीचे ठरेल.

कारखान्याची वाढ कशी व्हावी?

अधिक गोण्या विकणे म्हणजेच वाढ, हे गणित आता पुरे पडणार नाही. त्याच एक किलो नत्रातून अधिक धान्य पिकविणारे खत बनविणे ही टिकाऊ वाढ होय. २०१५ पासून देशातील सर्व युरियास निंबोळी तेलाचे आवरण बंधनकारक झाले. त्यामुळे अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर सावकाश होते व नत्र पिकास अधिक काळ मिळते. कोकणातील भातासाठी वापरल्या जाणाऱ्या युरिया-डीएपी ब्रिकेट व ठिबकमधून देण्याची विद्राव्य खते ही याच दिशेची पावले आहेत. कारखान्यांनी गोणीबरोबर माती परीक्षणाची सोय व सल्लाही द्यावा.

आपण काय करावे?

• माती परीक्षण करूनच नत्राची मात्रा ठरवावी. शेजाऱ्याचे पीक हिरवेगार दिसले म्हणून एक गोणी जादा टाकू नये. जादा नत्राने पीक लोळते व किडींना बळी पडते.
• नत्र विभागून द्यावे. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हास निम्मे नत्र पेरणीवेळी व निम्मे सुमारे २१ दिवसांनी द्यावे.
• युरिया कोरड्या जमिनीवर फेकून ठेवू नये. वाफसा असताना देऊन मातीने झाकावा किंवा लगेच हलके पाणी द्यावे. मोठ्या पावसाचा अंदाज असल्यास थांबावे.
• भातात ब्रिकेट चार चुडांच्या मध्ये ७ ते १० सें.मी. खोल खोचावी.
• सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या बियाण्यास रायझोबियम चोळावे. या पिकांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्थिर करतात.
• चांगले कुजलेले शेणखत वापरावे व त्यातील नत्र हिशेबात धरून युरिया कमी करावा.

मात्र खत एकदम बंद करणे हा उपाय नव्हे. पिकाची उपासमार झाली तर उत्पादन घटते आणि दर क्विंटलमागचा भार उलट वाढतो. जी गोणी पिकाच्या उपयोगी पडत नाही, तीच वाचवावयाची आहे. अशी एक गोणी वाचली, तर वरील हिशेबाप्रमाणे कारखाना व शेत मिळून सुमारे १३५ किलो कर्बवायूइतका भार टळतो. शिवाय आपले पैसे वाचतात व परदेशातून आणाव्या लागणाऱ्या वायूचीही बचत होते. कारखान्यांनी आपले काम करावे हा आग्रह आपण जरूर धरावा. पण येत्या हंगामात सुरुवात आपल्या बांधावरून, मातीच्या नमुन्यापासून करावी.