क्रॉनचे रोजचे मेल बंद करायचेत? करा, पण जपून!



घरच्या लिनक्स कॉम्प्युटरवर क्रॉन लावून बिलांच्या फोल्डरचा रोज रात्री आपोआप बॅकअप घ्यायचा, हे आपण व्हिडिओत बघितलं. आता बरेच जण म्हणतात, "सर, बॅकअप होतोय, पण रोज सकाळी मेल येऊन पडतो!"

क्रॉनचा नियम साधा आहे. कमांडने काहीही छापलं, की ते मेलने पाठवायचं. काहीच छापलं नाही, तर मेल नाही.

मग करायचं काय? (कमांड इंग्रजी अक्षरांतच टाइप करा.)

1. आधी मेल वाचा. नुसती फाइलींची यादी आहे की एरर? एरर असेल तर आधी ती दुरुस्त करा.
2. यादी असेल तर 'क्रॉनटॅब -ई' उघडा आणि आरसिंकच्या कमांडमधला '-व्ही' काढा. फाइलींची नावं तोच छापतो.
3. तरीही मेल आला तर ओळीच्या शेवटी '> /डेव्ह/नल' जोडा. साधा मजकूर बंद होईल, एररचा मेल येत राहील.

एक चूक मात्र करू नका. 'मेलटू' रिकामं ठेवलं किंवा पुढे '2>&1' जोडलं, तर एररचा मेलही बंद! डिस्क भरून बॅकअप थांबला तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही. मार्चअखेरीस सीएंनी बिलं मागितल्यावर कळून काय उपयोग?

आणि हो, मेल नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. महिन्यातून एकदा बॅकअपमधलं एखादं बिल उघडून बघाच.