शुक्राणू-निवड काय करते?

 मूल होत नसेल, तर तपासणी पती-पत्नी दोघांचीही हवी.

तपासणीत वीर्यात मोठा दोष आढळल्यास 'इक्सी' (एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडणे) करतात. त्यासाठी हायलुरोननला (स्त्रीबीजाभोवतीचा नैसर्गिक पदार्थ) चिकटणारा परिपक्व शुक्राणू वेचणे, ही प्रगत निवडीची एक पद्धत.

यामुळे शुक्राणू सुधारतात आणि मूल हमखास होते, असा समज आहे. पण ज्वारीच्या राशीतून टपोरे दाणे बियाण्याला काढले म्हणून रास बदलत नाही. उगवण जमिनीवरही अवलंबून असते.

ब्रिटनमधील २,७०० हून अधिक जोडप्यांच्या, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने मूल जन्मण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले नाही. आपोआप होणारे गर्भपात मात्र घटलेले दिसले. जादा खर्चाआधी आपल्याला नेमका कोणता लाभ अपेक्षित आहे, हे जोडप्याने डॉक्टरांना जरूर विचारावे.