जुन्या स्की-बोटीचा डॅशबोर्ड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

राल्फ सॅम्युएलसन याने १९२२ साली मिनेसोटातील लेक पेपिन या सरोवरावर पाण्यावरील स्कीइंगचा पहिला यशस्वी प्रयोग केला आणि पुढील काही दशकांत स्कीपटूला दोरीने ओढून नेणाऱ्या खास बोटी अमेरिकेत तयार होऊ लागल्या. करेक्ट क्राफ्ट या कंपनीची १९६१ मधील स्की नॉटिक ही त्यांपैकी सर्वांत ख्यातनाम. पेट्रोल इंजिन बोटीच्या पोटात असलेल्या या पिढीच्या बोटी आजही जपल्या जातात, मात्र त्यांच्या डॅशबोर्डच्या तारा बदलताना काही समजुती आड येतात आणि त्यांतल्या एकदोन तर जिवावर बेतू शकतात.

सर्वांत रुजलेली समजूत अशी की काटा चुकीचे दाखवू लागला म्हणजे मीटर बिघडला. वस्तुतः दोष बहुधा परतीच्या वाटेवर असतो. बॅटरीच्या धन टोकाकडून निघालेला प्रवाह ऋण टोकापर्यंत परतल्याशिवाय मंडल पूर्ण होत नाही, आणि जुन्या डॅशबोर्डमध्ये ही परतीची तार एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी साखळीने नेलेली आढळते, त्यामुळे मधला एक जोड सैल झाला की पुढच्या सर्व मीटरना त्याची झळ पोचते. ब्लोअरचे, म्हणजे इंजिनाच्या कप्प्यातील हवा बाहेर काढणाऱ्या पंख्याचे, बटण दाबताच पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा एकदमच हलला, तर तो मीटरचा नव्हे, सामाईक ऋण जोडाचा दोष समजावा. पाच अँपिअर घेणाऱ्या ब्लोअरसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तार जाऊन-येऊन आठ मीटर धरली, तर तिच्यात सुमारे ०.२८ व्होल्ट खर्ची पडतो. परंतु हिरवा थर चढलेल्या एकाच जोडाचा रोध ०.२ ओहम असला, तर तेवढाच जोड पूर्ण एक व्होल्ट खातो. म्हणूनच डॅशमागे तांब्याची एक जाड ऋण पट्टी बसवून प्रत्येक उपकरणाची तार तिच्यावर स्वतंत्रपणे आणणे, हे नवे मीटर विकत घेण्याआधीचे काम आहे.

मीटरची परीक्षा सोपी आहे. अमेरिकन पद्धतीत इंधनटाकीतील सेंडर, म्हणजे तरंगकाबरोबर रोध बदलणारा भाग, टाकी रिकामी असताना सुमारे २४० ओहम आणि भरलेली असताना सुमारे ३३ ओहम रोध दाखवतो. इग्निशन चालू ठेवून सेंडरची तार मीटरच्या टोकापासून सोडवली असता काटा रिकाम्या बाजूला गेला, आणि तेच टोक ऋण पट्टीला जोडले असता भरलेल्या बाजूला गेला, तर मीटर निर्दोष असतो. ही परीक्षा डॅशपाशीच करावी, टाकीजवळ कदापि नाही, कारण तेथे ठिणगी पडणे घातक ठरते. वेगमापकाची गोष्ट आणखी वेगळी: जुन्या स्की-बोटींत तो बहुधा विजेवर चालतच नाही, बोटीखालील पिटो नळीत शिरणाऱ्या पाण्याचा दाब रबरी नळीने त्याच्यापर्यंत पोचतो, आणि नळीत वाळू किंवा शेवाळ अडकले की काटा निपचित पडतो.

फ्यूज उपकरणाचे रक्षण करतो हीसुद्धा अपुरी समजूत आहे. तो मुख्यतः तारेला जळण्यापासून वाचवतो, म्हणून वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालणे म्हणजे तारेलाच फ्यूज करणे होय. अनेक जुन्या बोटींत अँमीटर असतो आणि ऑल्टरनेटरचा चार्जिंग प्रवाह डॅशपर्यंत येऊन त्यातून परत जातो. त्याऐवजी व्होल्टमीटर बसवणे शहाणपणाचे, मात्र अँमीटरच्या दोन जाड तारा एकमेकींना पक्क्या जोडल्या नाहीत, तर बॅटरी चार्ज होणेच थांबते.

गोड्या पाण्यात तार गंजत नाही, असे म्हणून घरातील एकजीव तार वापरली जाते. पण दमट हवा गोड्या सरोवरावरही असतेच, आणि इंजिनाच्या कंपनाने अशी तार जोडाशी तुटते. तेथे बारीक पदरांची, कल्हई केलेली तांब्याची तारच हवी. नुसत्या डाखेवर विसंबणे तितकेच चूक, कारण डाख तारेत झिरपून ती कडक होते आणि त्या कडक भागाच्या कडेलाच मोडते. योग्य मापाचे थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा जोड, योग्य पकडीने दाबून बसवणे हाच खात्रीचा मार्ग.

रंगांबाबत मराठी वाचकाने विशेष सावध राहावे. भारतीय घरगुती वायरिंगमध्ये काळी तार न्यूट्रल असते, अमेरिकन घरात मात्र तीच जिवंत. हा घोटाळा टाळण्यासाठी अमेरिकन बोटींत बारा व्होल्टच्या ऋण तारेला काळ्याऐवजी पिवळा रंगही चालतो. इग्निशनची तार जांभळी, इंधन सेंडरची गुलाबी, तेलदाबाची फिकट निळी आणि पाण्याच्या तापमानाची बदामी असते.

ब्लोअर ही केवळ सोय आहे, या समजुतीला मात्र थारा देऊ नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोलगट भागात, साचते. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी ब्लोअर किमान चार मिनिटे चालवावा लागतो. त्याची तार इग्निशनच्या किल्लीमागे जोडल्यास इंजिनाला आधी वीज मिळते आणि ब्लोअरला मागाहून, तेव्हा ब्लोअरला स्वतःचे बटण आणि स्वतःचा फ्यूज असणे आवश्यक आहे, आणि इंजिनाच्या कप्प्यातील प्रत्येक विद्युत भाग बाहेर ठिणगी न पोचू देणाऱ्या बांधणीचाच हवा.