रीफ टँकमधला स्पंज खरवडताय? थांबा!

प्रवाळांवर स्पंजचा थर चढताना दिसला की आपण लगेच ब्रश घेतो. इथंच चुकतं. सुटलेला बारीक तुकडाही दुसरीकडे रुजू शकतो. १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन यांनी स्पंज कापडातून गाळला, तरी सुट्या झालेल्या पेशी पुन्हा एकत्र येऊन स्पंज तयार झाला!

सगळेच स्पंज शत्रू नसतात. सम्पमधले छोटे पांढरे स्पंज पाणी गाळतात, ते राहू द्या. धोका असतो तो प्रवाळ झाकणाऱ्या किंवा पोखरणाऱ्या स्पंजचा. मन्नारच्या आखातात ‘टर्पिओस’ स्पंज जिवंत प्रवाळांवर पसरल्याची नोंद आहे.

मग काय कराल?

१. हातमोजे घाला, काही स्पंजमुळे त्वचेची आग होते.
२. दगड टाकीच्याच पाण्याच्या वेगळ्या बादलीत घ्या. स्पंज दगडाच्या कपच्यासकट छिनीनं काढा. बादलीतलं पाणी परत टाकीत ओतू नका.
३. मासे संपवतील तेवढंच खाद्य द्या.
४. अंबरनाथ पश्चिमेत आपण राहतो ते बेसाल्टच्या खडकावर. अशा भागातल्या बोअरच्या पाण्यात सिलिका असते आणि बहुतेक स्पंज त्यातूनच सांगाडा बांधतात. म्हणून टाकीत आरओ-डीआयचंच पाणी वापरा.