रंगांची एकवाक्यता

जुन्या पोथ्या चाळतांना 'उवाच'सारखीं पदें व अध्यायाची समाप्ति पुष्कळदां तांबड्या शाईनें लिहिलेलीं आढळतात. तो रंग केवळ शोभेसाठीं नसे. वाचकाच्या दृष्टीस तो वाट दाखवी. संगणकाच्या आज्ञावलींतील रंगांचें कार्यहि हेंच होय.

पायथन भाषेंत लिहूं लागतांच राखीव शब्द एका रंगांत, अवतरणांतील मजकूर दुसऱ्या रंगांत व हॅश चिन्हापुढील टीप तिसऱ्या रंगांत दिसते. मिटतें अवतरणचिन्ह राहून गेलें तर ओळीचा उरलेला भाग अवतरणाचाच रंग घेतो आणि चूक तत्काळ नजरेस येते.

कोल्हापुरांत परीक्षेची तयारी करतांना आम्हीं अशा आज्ञावली एका संगणकीय टिपणवहींत उतरून घेतल्या. लेखनाच्या पानावर टीप करडी व अवतरण हिरवें दिसे. वाचनाच्या पानावर मात्र टीपच हिरवी होई. त्यामुळें टिपेलाच छापावयाचा मजकूर समजून आम्ही उत्तर चुकलों.

असें कां व्हावें? अशा टिपणवह्यांत लिहिणें व वाचणें ह्या दोन कामांस पुष्कळदां दोन निरनिराळीं साधनें असतात. ओब्सिडियनमध्यें लेखनासाठीं कोडमिरर व वाचनासाठीं प्रिझम आहे. पहिल्यास प्रत्येक अक्षरासरशी रंग बदलावा लागतो. दुसऱ्यापुढें मजकूर पूर्ण होऊन येतो. दोघांचे रंग निरनिराळ्या ठिकाणीं ठरविले, तर फरक पडावयाचाच.

उपाय सोपा आहे. 'हिरवा', 'करडा' असें दोनदां न सांगतां 'राखीव शब्दाचा रंग', 'टिपेचा रंग' अशीं नांवें ठरवावीं व दोन्ही पानांनीं त्याच यादीवरून रंग घ्यावे. ओब्सिडियनमध्यें अशीं नांवें दिलेलीं आहेत.

तरीहि एक सूक्ष्म अडचण उरते. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तींत 'प्रिंट' हा राखीव शब्द होता. २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत तें फंक्शन झालें. एका साधनानें त्यास जुन्या वर्गांत व दुसऱ्यानें नव्या वर्गांत घातलें, तर रंगांची यादी एक असूनहि शब्द दोन रंगांत दिसेल. म्हणून रंगांबरोबर वर्गवारीहि जुळली पाहिजे.

आतां आम्ही अभ्यासापूर्वीं पांच ओळींचा एक नमुना दोन्ही पानांवर शेजारीं शेजारीं ठेवून पाहतों. विद्यार्थिबंधुभगिनींनीं हें करून पाहावें व पालकांनींहि तें एकवार पाहावें. खूण तीच असेल तर अर्थहि तोच असला पाहिजे. नाहीं तर वाट दाखविणारा रंगच वाट चुकवितो.