‘पेपो’ : एक शास्त्रीय संज्ञा व तिचा शेतकऱ्यास उपयोग

देवळाली कॅम्पच्या बाजारात दुध्या भोपळा, कारली, दोडके, गिलकी व काकड्या शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात. या सर्वांचे रूप व रुची भिन्न; तथापि वनस्पतिशास्त्र त्यांच्या फळांस ‘पेपो’ या एकाच संज्ञेने ओळखते. कलिंगड व खरबूज हीही पेपोच होत. उन्हाने पिकलेले, अशा अर्थाच्या ग्रीक शब्दापासून ही संज्ञा लॅटिन भाषेत आली, आणि १७५३ साली लिनियसने भोपळ्याच्या एका जातीस ‘कुकुर्बिटा पेपो’ हे नाव दिले.

पेपो म्हणजे कर्कटी कुलातील मृदुफळ : बाहेर जाड साल, आत गर व गरात पुष्कळ बिया. काही जातींची साल वाळल्यावर लाकडासारखी कठीण होते. म्हणूनच मिरजेचे कारागीर वाळलेल्या भोपळ्यापासून तंबोरे व सतारी घडवितात.

यावर कोणी विचारील की, पपईसही साल, गर व बिया आहेतच. मग ती पेपो का नव्हे? याचे उत्तर फुलात आहे. ज्या भागाचे पुढे फळ होते तो बीजकोश पपईच्या फुलात पाकळ्यांच्या वर असतो. काकडीच्या फुलात तो पाकळ्यांच्या खाली असतो. कोवळ्या काकडीच्या टोकाशी सुकलेले फूल चिकटून राहते, ते यामुळेच.

हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा आहे, असे आम्हांस वाटत नाही. ज्या फुलाखाली चिमुकले फळ दिसते ते मादीफूल; जे नुसत्या देठावर असते ते नरफूल. वेलावर बहुधा नरफुले प्रथम येतात व गळून पडतात. हा रोग नव्हे. त्यासाठी औषधावर पैसा खर्चू नये. मात्र नरफुलातील पराग मादीफुलापर्यंत कीटकांनीच न्यावयाचा असतो. तो पुरेसा न पोचल्यास चिमुकले फळ पिवळे पडून गळते, किंवा वाकडे वाढते, व अशा मालास बाजारात भाव मिळत नाही.

कारली, काकडी व गिलकी यांची फुले पहाटे व सकाळी उमलतात. दुध्या व दोडका यांची सायंकाळी. तेव्हा ‘फवारणी सायंकाळी करावी’ हा सरसकट उपदेश पहिल्या तिघांस हितकर असला, तरी दुध्या व दोडक्यास घातक ठरू शकतो. कारण ऐन त्याच वेळी त्यांच्या फुलांवर कीटकांची ये-जा सुरू होते. फुले मिटलेली असतानाच फवारावे, आणि बहराच्या दिवसांत मधमाश्यांस मारक औषधे वर्ज्य करावीत.

आमच्या वाचकांनी फवारणीपूर्वी आपल्या मांडवाखाली उभे राहून एवढे पाहावे की, फूल उघडे आहे की मिटलेले. पीक हाती येणे बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहे.